फी भरण्याआधी

बाळ, धाकट्याच्या शाळेचं बुकिंग करायला तू शनिवारी मुरगूडला जाणार आहेस असं सूनबाई म्हणाली. एवढा शनिवार जाऊ दे. पैसे भरले की आपण विचारायचं थांबतो, आणि शाळेच्या बाबतीत जे विचारायचं ते पैसे भरण्याआधीच विचारायचं असतं.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर झाली. मदत कुणाला मिळाली आणि कुणाची हुकली, हे मी खिडकीच्या आतून बघत आले. गरजू सगळेच असायचे, हुशारही बरेच असायचे. ज्यांना मिळाली त्यांचे कागद तयार होते आणि त्यांनी तारीख चुकवली नव्हती. आणखी एक गोष्ट आईबापांना फार उशिरा कळायची. पोरांना पुढे काय काय मिळेल, याचा निम्मा निकाल शाळा निवडतानाच लागलेला असतो. म्हणून तुला पहिलीपासून सांगते.

शाळा बघायला जाशील तेव्हा वर्ग, मैदान, बस सगळं बघ. पण ऑफिसात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचार, की शाळा अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित? मान्यता कितवीपर्यंतची आहे? यू-डायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, कोणता? ज्या शाळेचं सगळं सरळ आहे तिथला क्लार्क मान वर न करता सांगतो. ‘प्रस्ताव गेलाय, होईल’ असं उत्तर आलं तर परत फीर. आठवीपर्यंतच मान्यता असलेल्या शाळेत पोरगं घातलं, तर नववीत ऐन मोक्याला शाळा बदलावी लागते.

अनुदानित की विनाअनुदानित, यावर एवढा जोर का देते ते तुझ्या मोठ्या मुलीच्या उदाहरणावरून बघ. ती आता सातवीत आहे. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते, आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये थेट खात्यात येतात, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, सातवीत ५५ टक्के लागतात. आणि पोरगी सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावी लागते. विनाअनुदानित शाळेतली मुलगी कितीही हुशार असली तरी तिला या परीक्षेला बसता येत नाही. मोठीला आठवीत ‘जरा बऱ्या’ शाळेत हलवायचं तुझ्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. हलवू नकोस. तिची आत्ताची शाळा अनुदानित आहे, सेमी-इंग्रजी आहे, गणिताचे सर चांगले आहेत. आणखी काय हवं?

परीक्षेचं थोडं सांगते. दोन पेपर असतात, प्रत्येकी नव्वद प्रश्नांचे. एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा शालेय विषयांचा. पोरं घसरतात ती बौद्धिकच्या पेपरात, कारण शाळेत तो विषय नसतो. मालिका, सांकेतिक भाषा, घड्याळ, आकृत्या, सगळं सरावाचं काम. पाचवीला शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेली पोरं इथे पुढे असतात, कारण त्यांचा हात बसलेला असतो. ती परीक्षा कोणत्या इयत्तांना ठेवायची हे शासन अधूनमधून बदलतं, तेव्हा धाकट्याच्या वेळी शाळेत नीट विचार. आपल्या भुदरगड, राधानगरी, कागल भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी या परीक्षांत नाव काढलं आहे. तिथले गुरुजी सुट्टीत जादा तास घेतात आणि एक पैसा मागत नाहीत. असे गुरुजी गावात असताना पोराला दुसरीकडे पाठवण्याआधी दहा वेळा विचार कर.

निवड झाल्यावरही दोन गोष्टी सांभाळायच्या. दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नूतनीकरण करायचं, आणि दहावीत ६० टक्क्यांच्या खाली यायचं नाही. पुष्कळांची शिष्यवृत्ती अकरावीत बंद पडते, ती निव्वळ नूतनीकरण न केल्यामुळे. शेजारच्या मराठा-कुणबी घरातल्या पोरांनाही एक निरोप दे. एनएमएमएस उत्तीर्ण झाले पण निवड यादीत नाव आलं नाही, तरी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती असते, वर्षाला ९,६०० रुपयांची. कोल्हापुरात सारथीचं उपकेंद्र आहे.

आता धाकट्याचं. इंग्रजी शाळेतच घालायचं हे तुम्ही दोघांनी ठरवलंच असेल, तर आधी आरटीईचा अर्ज भर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवाव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ते लागू नाही. इतरांना एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो, पण आपण ओबीसीत असल्यामुळे आपल्याला उत्पन्नाची अट नाही, तुझा जातीचा दाखला पुरतो. २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून सरकारी आणि अनुदानित शाळांच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळा यातून वगळल्या होत्या. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्यामुळे ‘आता आरटीई बंद झालं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

अर्ज ऑनलाइन असतो आणि सोडत निघते. त्यात घराचं ठिकाण नकाशावर आपणच दाखवायचं असतं, कारण घर ते शाळा अंतर त्यावरून मोजतात. नेट कॅफेतला पोरगा घाईत गावाच्या मधोमध कुठेतरी खूण टाकतो. पुढे पडताळणी समितीसमोर अंतर जुळत नाही आणि लागलेला नंबर जातो. म्हणून ती खूण तू स्वतः, आपल्या दारात उभा राहून टाक. आणि हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच असतं. नववीपासून पूर्ण फी भरावी लागते. ती आपल्याला झेपेल का, हे आज पहिलीच्या वेळीच दोघांनी बसून ठरवा. नववीच्या तोंडावर पोराला तिथून काढावं लागलं तर ते त्याच्या जिव्हारी लागतं.

मुरगूडच्या शाळेबद्दल मला थांबायला सांगावंसं वाटलं, त्याचं खरं कारण वेगळंच आहे. कागलला जवाहर नवोदय विद्यालय आहे. पाचवीत परीक्षा, सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं, शिक्षण सगळं केंद्र सरकारचं. नववीपासून काही मुलांना दरमहा ६०० रुपयांचा निधी भरावा लागतो, मुलींना तोही नाही. तिथल्या ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ग्रामीण कोण, तर ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढली तो. घर कुठे आहे याला किंमत नाही, शाळा कुठे आहे याला आहे. मुरगूडला नगरपरिषद आहे. म्हणजे आपलं गाव खेडं असूनही पोरगं तिथल्या शाळेत गेलं की नवोदयच्या हिशेबात शहरी ठरलं, आणि तीन चतुर्थांश जागा त्याला बंद झाल्या. हे शाळेत कुणी सांगणार नाही. मुलगा पहिली-दुसरी कुठेही शिकला तरी चालेल, पण नवोदय मनात असेल तर तिसरीला तो गावच्याच शाळेत हवा.

एवढं सगळं बघूनही खासगी शाळाच ठरली, तर फीचा कायदा माहीत असू दे. २०११ चा राज्याचा शुल्क नियमन कायदा आहे. त्याप्रमाणे शाळेत पालक-शिक्षक संघ लागतो, त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडायची असते, आणि शाळेने सुचवलेली फी त्या समितीपुढे यावी लागते. एकदा मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. समितीची नावं फळ्यावर लावलेली असायला हवीत. तू नाव दे. सोडतीत निघालं तर पगारी रजा टाकून बैठकीला जा. आणि प्रवेशासाठी देणगी मागितली तर पावती माग. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावती मागितली की पुष्कळदा देणगीचा आकडाच गळून पडतो.

आता कागदपत्रांकडे येते. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

मोठीच्या व्यावसायिक पदवीच्या प्रवेशाला जातीचा दाखला लागेल, त्याची जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी लागेल आणि नॉन-क्रिमिलेअर लागेल. व्हॅलिडिटीसाठी ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींना १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा. आपल्या घरात तो पुरावा म्हणजे तुझे आजोबा, तुझ्या वडिलांचे वडील, यांची गावच्या मराठी शाळेतली नोंद. शाळेच्या जनरल रजिस्टरात अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, धर्म-जात, जन्मतारीख, दाखल तारीख असे रकाने असतात. कागद पिवळा पडलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि जातीच्या रकान्यात पहिल्या ओळीनंतर खाली नुसती ‘,,’ अशी खूण. ती खूण वरच्या कोणत्या ओळीची आहे हे झेरॉक्समध्ये दिसत नाही. म्हणून मुख्याध्यापकांकडून उतारा घेताना जात पूर्ण अक्षरात लिहून घ्यायची, आणि वर सही-शिक्का, जावक क्रमांक, तारीख. जावक क्रमांक नसलेला उतारा पुढे कुणी धरत नाही.

नावांचं तर फार सांभाळायचं. जुन्या काळी शाळेत ‘गणू’, सातबाऱ्यावर ‘गणपती’, मृत्यूच्या नोंदीत ‘गणपतराव’ असं सर्रास लिहिलेलं असतं. तिन्ही एकच माणूस, हे जात पडताळणी समितीला तू शपथपत्राने आणि वंशावळीने दाखवायचं. आजोबांचा दाखला मिळाला नाही तर चुलत आजोबांचा, आत्याचा, वडिलांच्या बाजूच्या कुणाचाही चालतो, फक्त नातं कागदावर जुळलं पाहिजे. घरात कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर काम निम्मं होतं. तुझ्या चुलतभावाच्या मुलाला मिळाली आहे, त्याची प्रत आणून ठेव. संस्थानाच्या काळातले काही कागद मोडीत आहेत. ते नुसते नेऊन उपयोग नाही, अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आपला जिल्ह्याचा अर्ज कोल्हापुरात विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात जातो. बारावी सायन्सच्या मुलांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जातो. तो अकरावीतच घालायचा. प्रवेशाच्या वेळी मुदतवाढ मिळेल, या भरवशावर राहू नकोस. मिळते कधी कधी, पण तोवर घरातल्या सगळ्यांची झोप उडालेली असते.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्चपर्यंत चालतात. मार्चमध्ये काढलेला दाखला जूनमध्ये कुचकामी ठरतो. नवं आर्थिक वर्ष लागलं की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सेतू केंद्रात जायचं, तेव्हा गर्दीही नसते. निकाल लागल्यावर जूनमध्ये तालुक्याला जी रांग लागते त्यात उभं राहायची वेळ येऊ देऊ नकोस. नॉन-क्रिमिलेअर एकदम तीन वर्षांचा मागायचा.

आणि मोठीचं स्वतःचं नाव. शाळेचं रजिस्टर, आधार, बँक, तिन्हीकडे तेच नाव, तोच क्रम, तीच जन्मतारीख. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी शाळेतली चूक मुख्याध्यापकांना अर्ज देऊन दुरुस्त होते. शाळा सोडल्यावर तीच वेलांटी दुरुस्त करायला वर्ष जातं.

बँकेचं खातं ही अलीकडची अडचण. शासनाची रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. सगळ्यात शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं तिथे ती पडते. मधे कधीतरी कुणीतरी शिबिरात अंगठा घेऊन दुसरंच खातं उघडलेलं असतं, आणि पोरगी वर्षभर म्हणत राहते की स्कॉलरशिप आलीच नाही. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे’ एवढंच विचारायचं. खातं निष्क्रिय झालेलं नाही ना, तेही बघायचं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर जो मोबाइल नंबर द्याल तो पाच वर्षं बदलू नका. अर्ज त्रुटीसाठी परत आला की निरोप त्याच नंबरवर येतो. अर्ज भरून झाला म्हणजे काम झालं, असं समजायचं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या टेबलावर असतो. दर पंधरा दिवसांनी मोठीने लॉगिन करून बघायचं आणि तिथेच अडकलेला दिसला तर खिडकीवर जाऊन शांतपणे विचारायचं. मी त्या खिडकीत बसत होते, म्हणून सांगते, विचारायला येणाऱ्या मुलांचे अर्ज पुढे सरकतात.

दहावीनंतर काय, हा प्रश्न घरात आताच निघतोय असं ऐकलं. चार वाटा आहेत आणि चारही मानाच्या आहेत. सायन्सला जायचं असेल तर अकरावी आता राज्यभर ऑनलाइन भरते. मोठ्या क्लासेसनी बांधून घेतलेली कॉलेजं असतात, जिथे वर्ग नावाला आणि शिकवणी क्लासमध्ये, आणि दोन वर्षांची फी ऐकून छाती दडपते. मला ती पद्धत मनापासून नको वाटते. त्यात पोरगी प्रयोगशाळेत पाऊल टाकत नाही, आणि प्रवेश परीक्षेत नंबर लागला नाही तर हातात काहीच उरत नाही. कोल्हापुरात राजाराम कॉलेज आहे, सरकारी आणि १८८० पासूनचं. विवेकानंद आहे, न्यू कॉलेज आहे, मुलींसाठी राजारामपुरीत कमला कॉलेज आहे. तिथे बसून अभ्यास केलेली पोरं डॉक्टर, इंजिनिअर होतच आली आहेत.

दुसरी वाट डिप्लोमाची. आपल्या घरासाठी मला तीच सगळ्यात पटते. कोल्हापूरचं शासकीय तंत्रनिकेतन आहे. घराजवळ हवं तर गारगोटीला मौनी विद्यापीठाचं आयसीआरई आहे. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षांत हातात पदविका, आणि पुढे शिकायचं ठरलं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तोही डिप्लोमाच्या गुणांवर, सीईटीशिवाय. नाही शिकायचं ठरलं तर कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि गोकुळ शिरगाव समोर आहेतच. अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्च वाचतो. तिसरी वाट आयटीआयची, कळंब्याला सरकारी आहे. दोन वर्षांचा ट्रेड करून पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे फार जणांना माहीत नसतं. चौथी कला-वाणिज्य, आणि त्याला नाक मुरडू नका. शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. होऊन बँकांत लागलेली आपल्याच भावकीतली पोरं मोज.

इंजिनिअरिंगपर्यंत गेलीच, तर जवळ सरकारी म्हणजे कराडचं, १९६० सालचं. अनुदानित म्हणजे सांगलीचं वालचंद, १९४७ सालचं. मग कोल्हापूरचं केआयटी, इचलकरंजीचं डीकेटीई अशी खासगी. विकल्प भरताना तीन गोष्टी ध्यानात ठेव.

पहिली, प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्यायचा. त्याच कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून तीच जागा घेतली की राज्याच्या फी सवलती बंद. जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधी ती निम्मी होती. खासगी विनाअनुदानित कॉलेज आणि तंत्रनिकेतनालाही ते लागू आहे. पण खासगी अभिमत विद्यापीठ आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ यांना नाही. तेव्हा कॉलेजच्या पाटीवर ‘विद्यापीठ’ दिसलं की थांबून विचारायचं, इथे महाडीबीटी चालतं का? आणि माफी शिक्षण आणि परीक्षा फीचीच आहे. विकास निधी, वसतिगृह, बस, मेस हे आपल्याच खिशातून जाणार. कॉलेजचं शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेलं असतं, तो तक्ता मागून घ्यायचा आणि त्यातलं काय भरायचं नाही ते पेनाने खोडून बघायचं. पात्र मुलीकडून माफ असलेली रक्कम प्रवेशावेळी घ्यायची नसते. ‘आत्ता भरा, स्कॉलरशिप आली की परत देतो’ असं म्हणाले तर लेखी मागायचं.

दुसरी, टीएफडब्ल्यूएसच्या जागा. प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा असतात, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कोणत्याही जातीच्या मुलामुलींसाठी, शिक्षण फी माफ. विकल्पाच्या कोडच्या शेवटी ‘टी’ असतो. धाकट्यासाठी हे लक्षात ठेव, कारण मुलींची माफी त्याला मिळणार नाही. एक अट आहे, ती जागा घेतल्यावर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.

तिसरी, मूळ कागद कॉलेजात अडकवून ठेवायचे नाहीत. बघून परत द्यायचे असतात. प्रवेश ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केला तर फार तर १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते.

आणि तू स्वतः कामगार आहेस हे विसरतोस. तुझ्या फौंड्रीच्या पगारपत्रकात जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधीची छोटी कपात दिसेल. ती होत असेल तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची शिष्यवृत्ती तुझ्या पोरांना मागता येते. ते पत्रक टाकून देऊ नकोस, फाइलला लाव. तुझा मेहुणा गवंडी आहे. त्याने बांधकाम कामगार म्हणून नोंदणी केली आणि दरवर्षी नूतनीकरण केलं, तर त्याच्या पहिल्या दोन मुलांना इंजिनिअरिंगला वर्षाला ६०,००० आणि मेडिकलला एक लाख रुपये मिळू शकतात. नोंदणीला वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो. त्याला आजच सांग, पोरगं अजून चौथीत आहे म्हणून थांबू नकोस. मोठी डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला गेली तर एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्तीही बघायची, खास मुलींसाठी, वर्षाला ५०,००० रुपये. पण एकाच कारणासाठी दोन योजना घेतल्याचं कळलं तर पैसे परत भरावे लागतात. अर्जात आधीची मदत लपवायची नाही.

राहण्याचं. मुलीला कोल्हापुरात कुठे ठेवायचं, हे सूनबाईचं मोठं दडपण आहे, आणि मला ते कळतं. पण आपण कोणत्या गावाच्या जवळ राहतो ते तिला सांग. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, मिस क्लार्क अशी जातीजातींच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली. दसरा चौकात उभं राहिलं तर त्यातली काही आजही नजरेच्या टप्प्यात दिसतात. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म कुंभोजचा, आपल्याच जिल्ह्यातला. शिकायला कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिले, आणि पुढे साताऱ्यात त्यांनी ‘कमवा आणि शिका’वर अख्खं कॉलेज उभं केलं. त्यांच्या जिल्ह्यात राहायची सोय नाही म्हणून आपली पोरगी दहावीनंतर घरी बसली, असं मी ऐकून घेणार नाही.

ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर जेवणा-राहण्यासाठी खात्यात पैसे देतात. अनुसूचित जातींसाठी तशीच स्वाधार आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम्. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपला सातबारा दोन एकरांचा आहे, तेव्हा अल्पभूधारकाचा दाखला काढून ठेव. यातलं कोणतं आपल्याला बसतं ते त्या वर्षीच्या नियमांवरून ठरेल. ताराराणी विद्यापीठात आणि शिवाजी विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाची चौकशी मी करते. विद्यापीठात कमवा व शिका योजना आहे, मुलींसाठीही. पुण्याला जायची वेळ आली तर विद्यार्थी साहाय्यक समितीचा अर्ज भरायचा. १९५५ पासून खेड्यातल्या पोरांना ते तिथे राहायला ठेवतात.

कर्ज सगळ्यात शेवटी. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळतं, बँकेने घर-शेत मागितलं तर शाखाधिकाऱ्याला नियम विचार. शिक्षण संपून वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. जमेल तेवढं व्याज तेव्हाच भरत राहायचं. खासगी सावकार, पतसंस्था आणि सोनं गहाण, या तिन्हींकडे शिक्षणासाठी जायचं नाही.

आता या आठवड्यात एवढं करा. तू गावच्या शाळेत जाऊन आजोबांच्या नोंदीचा उतारा माग. जुनं रजिस्टर कपाटात सगळ्यात खाली असतं, गुरुजींना शोधायला वेळ दे. सूनबाईने मोठीच्या शाळेत जाऊन रजिस्टरात तिचं, तुझं आणि स्वतःचं नाव कसं लिहिलंय ते कागदावर जसंच्या तसं उतरवून आणायचं आणि आधारशी ताडून बघायचं. बँकेत सीडिंग विचारायचं. मुरगूडच्या शाळेत मान्यतेचा आणि यू-डायसचा प्रश्न विचारून ये, पैसे मात्र घरी ठेवून जा. गुरुवारी संध्याकाळी मी घरीच आहे, सगळे कागद घेऊन दोघंही या, मोठीलाही आणा. फॉर्म तिनेच भरायला शिकायचंय.